कागदी गाळणीची कॉफी, रोज तशीच

पोअर-ओव्हर कॉफी काल झकास आणि आज आंबट झाली, तर बियांना बोल लावण्याआधी चमचा बाजूला ठेवा. गडद भाजलेल्या बिया फुगून हलक्या होतात, त्यामुळे चमचा तोच असला तरी वजन बदलतं. छोटा वजनकाटा हवाच: १५ ग्रॅम पूड, २५० ग्रॅम पाणी. आधी ४५ ग्रॅम गरम पाणी ओतून अर्धा मिनिट थांबा. ताजी पूड फुगते, बुडबुडते. आतला कार्बन डायऑक्साइड निघून गेला की पुढचं पाणी सगळीकडे सारखं मुरतं. इथे घाई मुळीच करू नये. मग बारीक धार. तीन मिनिटांच्या आसपास सगळं खाली उतरावं. झटकन उतरून आंबट लागली तर उद्या फक्त दळण बारीक करा. रेंगाळून कडवट झाली, तर जाडसर.