अरण्याचे मुद्दल व व्याज

'शाश्वत विकास' हा शब्दप्रयोग आज सर्वत्र रूढ झाला आहे. त्यातील विशेषणामागे उभी असलेली जर्मन संज्ञा मूळची वनविद्येतील होय, हे मात्र फारसे ध्यानात घेतले जात नाही. सॅक्सनीतील चांदीच्या खाणींना व भट्ट्यांना लाकडाचा तुटवडा भासू लागला, तेव्हा तेथील खाणखात्याचे अधिकारी हान्स कार्ल फॉन कार्लोविट्स ह्यांनी १७१३ मध्ये वृक्षसंवर्धनावर एक ग्रंथ लिहिला, आणि जंगलाच्या वापरास 'नाखहाल्टेंड', म्हणजे 'पुढेही टिकून राहणारा', हे विशेषण लावले. आपल्या सावकारी भाषेत सांगावयाचे तर, व्याजावर भागवावे, मुद्दलास हात लावू नये.

अडचण अशी की, जंगलात मुद्दल व व्याज ही दोन्ही एकाच खोडात असतात. म्हणून झाड केव्हा तोडावे, हाच वनव्यवस्थापनाचा मध्यवर्ती आर्थिक प्रश्न ठरतो. १८४९ मध्ये मार्टिन फाउस्टमान ह्या जर्मन वनशास्त्रज्ञाने त्यास गणिती रूप दिले. झाड आणखी एक वर्ष राखल्याने त्याच्या किमतीत पडणारी भर ही, त्यात गुंतलेल्या पैशाचे व्याज आणि त्याखालील जमिनीचे भाडे ह्यांच्या बेरजेहून कमी पडू लागली, की तोडीची वेळ झाली असे समजावे. लागवडीपासून तोडीपर्यंतच्या ह्या काळास आपण 'फेरा' म्हणू. जर्मनीतील स्प्रूस वृक्षाचा फेरा सामान्यतः ८० ते १२० वर्षांचा. (१८६४ मध्ये हिंदुस्थानच्या वनखात्याचे पहिले महानिरीक्षक झालेले डीट्रिख ब्रांडिस हे जर्मनच होते, आपल्या सागवनांच्या कार्य-आयोजनांतील फेऱ्याचा हिशेब ह्याच घराण्यातला.)

फाउस्टमानच्या सूत्रात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: लावलेले झाड तोडीपर्यंत जगणारच. बदलत्या हवामानाने घाव घातला आहे तो नेमका ह्या गृहीतावर. २०१८ ते २०२० ह्या सलग कोरड्या वर्षांत उथळ मुळांचा स्प्रूस तहानेला, आणि सालीत शिरणाऱ्या भुंगेऱ्यास राळेने बुजवून टाकण्याची त्याची शक्ती गेली. ह्या भुंगेऱ्यास जर्मन लोक 'बुखड्रुकर', म्हणजे 'पुस्तक छापणारा', असे म्हणतात. साल सोलली असता त्याने कोरलेल्या वाटा छापील ओळींसारख्या दिसतात. नाव मोठे समर्पक, पण छपाई महागात पडली. जानेवारी २०१८ ते एप्रिल २०२१ ह्या अवधीत सुमारे ५ लाख हेक्टरांवरील वृक्ष नष्ट झाले.

ह्या धोक्याचा हिशेब कसा मांडावयाचा? वणव्यासंबंधी विल्यम रीड ह्यांनी १९८४ मध्ये दाखवून दिले की, दरवर्षी सारखाच असणारा धोका व्याजाच्या दरात मिळविल्यासारखाच परिणाम करतो. ८० वर्षांनी मिळावयाच्या १०० रुपयांची आजची किंमत द. सा. द. शे. ३ दराने सुमारे ९ रुपये ४० पैसे होते. त्यात वर्षाला शेकडा २ एवढा नाशाचा धोका धरला, तर ती दोन रुपयांच्या आसपास येते. म्हणजे तेवढ्या एका आकड्याने लागवडीचे मोल पाचव्या हिश्श्यावर आले. ह्यातून फेरा आखूड करावा, असा निष्कर्ष निघतो, आणि पुष्कळ वनमालक तो काढतातही.

प्रस्तुत लेखकास हा निष्कर्ष अपुरा वाटतो. पहिले कारण असे की, रीड ह्यांचा धोका एकेका वनखंडापुरता आहे. अवर्षण मात्र साऱ्या प्रदेशावर एकदम येते. २०२० मध्ये जर्मनीत ८ कोटी घनमीटरांहून अधिक लाकूड तोडले गेले, व त्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग मोडलेल्या वा किडलेल्या झाडांचा होता. सर्वांचाच माल एकदम बाजारात आल्यावर भाव कोसळणारच. कित्येक ठिकाणी तोडणी-वाहतुकीचा खर्चही निघाला नाही. दुसरे कारण कर्बाचे. उभ्या झाडात साठलेल्या कर्बास किंमत दिली, तर तोड लांबविणे फायद्याचे ठरते. तेव्हा धोका फेऱ्यास आखडतो आणि कर्ब त्यास ताणतो. पण ज्याच्या टिकण्याचा भरवसा नाही, त्या साठ्याची किंमत पूर्ण कशी द्यावी? २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जर्मनीच्या चौथ्या वनगणनेनुसार २०१७ पासून तेथील जंगलातील कर्बाचा साठा वाढण्याऐवजी घटला आहे.

तेव्हा वयाइतकाच जातीचाही प्रश्न उभा राहतो. स्प्रूसमध्ये बीच व इतर रुंदपर्णी वृक्ष मिसळले तर उत्पन्न काहीसे उतरते, परंतु सारे वन एका वर्षात आडवे होण्याचा संभव कमी होतो. हा एक प्रकारचा विमाच होय, आणि विम्यास हप्ता द्यावाच लागतो. मात्र त्या कोरड्या वर्षांत काही भागांतील बीचही वाळला. शिवाय ज्या वाढीच्या कोष्टकांवरून वनाधिकारी पिढ्यान्‌पिढ्या हिशेब मांडीत आले, ती गेलेल्या हवामानात मोजलेली आहेत. म्हणून काही ठिकाणी ओसाड झालेल्या जमिनीचा थोडाच भाग लावून उरलेल्या भागात भूर्जासारखी आपोआप उगवणारी झाडे वाढू देतात. ह्यात रोपांचा खर्च वाचतो, आणि उरलेल्या जागेवर काय लावावे हे आणखी काही उन्हाळे पाहून ठरविता येते.