'अर्धसत्य' : एकाच हातून झालेले दोन मृत्यू

मागच्या वेळी आपण न्याय आणि सूड यांतला फरक पाहिला. आज तोच प्रश्न एका चित्रपटातून समजून घेऊ. गोविंद निहलानींचा 'अर्धसत्य', साल १९८३.

चित्रपट हिंदी, पण मुळं मराठीत. श्री. दा. पानवलकरांच्या 'सूर्य' या कथेवरून विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिली. संवाद वसंत देवांचे. नाव आलं ते दिलीप चित्र्यांच्या कवितेतून. ती कविता नायक पडद्यावर स्वतः वाचतो. सुरुवातीला सहज वाचतो, पण हळूहळू ती आपल्याबद्दलच आहे हे त्याला कळत जातं. तिथे ओम पुरींचा चेहरा बघा.

हा नायक म्हणजे मुंबईतला सबइन्स्पेक्टर अनंत वेलणकर. वडील पोलिसातले, तापट. ते आईला मारायचे आणि लहानगा अनंत नुसता बघत राहायचा. त्याला पोलिसात धाडलं तेही वडिलांनीच. पुढे रामा शेट्टीची माणसं तो पकडतो आणि वरून फोन येतो : सोडा त्यांना. म्हणजे हात आहेत, पण बांधलेले.

आता इथे ॲरिस्टॉटल आठवा. रागावणं सोपं आहे. योग्य माणसावर, योग्य वेळी, योग्य प्रमाणात रागावणं अवघड, असं तो म्हणतो. वेलणकरचा राग खरा आहे, त्याला कारणही आहे. पण शेट्टीपर्यंत तो पोचत नाही. मग तो कुठे जातो? कोठडीतल्या एका भुरट्या चोरावर. रेडिओ चोरल्याच्या संशयावरून आणलेला माणूस मार खाऊन मरतो.

निलंबित झालेला वेलणकर स्वतःला वाचवायला शेट्टीच्याच दारात जातो. शेट्टी त्याला विकत घेऊ बघतो आणि वेलणकर त्याचा गळा दाबतो. मग ठाण्यात जाऊन हजर होतो.

शेवटी प्रेक्षकाला टाळी वाजवावीशी वाटते, नाही का? चोराच्या वेळी मात्र आपण गप्प असतो. हात तेच, राग तोच. चौकशी नाही, खटला नाही, हेही दोन्हीकडे सारखंच. मग आपण नक्की कशाला टाळी देतो? न्यायाला, की आपल्याला नकोसा माणूस मेला याला?

प्रश्न जुना झालेला नाही. २०१९ साली हैदराबादजवळ चार आरोपी पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले, तेव्हा लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली. पुढे सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या सिरपूरकर आयोगाने पोलिसांची हकीकत बनावट ठरवली. फुलं तोवर सुकून गेली होती.

ज्योत्स्ना, म्हणजे स्मिता पाटील, वेलणकरला हिंसेपाशी अडवते. तिला आपण नायकाची हळवी मैत्रीण समजून सोडून देतो. पुन्हा पाहाल तेव्हा तिचं म्हणणं नीट ऐका, आणि त्या चोराला विसरू नका. मग रामा शेट्टीच्या खुनाला टाळी द्यायची की नाही, ते ज्याने त्याने ठरवावं. आता तुमचे प्रश्न घेऊ.