सूक्ष्मदर्शकातून फोटो : स्पर्धा नेमकी कशाची?

आजचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल, की डोंगरकड्यासारख्या हळदीच्या आणि केळीच्या गावात सूक्ष्मदर्शकातून काढलेल्या फोटोंच्या स्पर्धेचं काय काम? काम आहे. ते शेवटी हळदीपाशीच येऊन पोचतं. पण आधी ही स्पर्धा काय असते ते समजून घेऊ.

या प्रकारातली सर्वांत नावाजलेली स्पर्धा म्हणजे निकॉन कंपनीची ‘स्मॉल वर्ल्ड’. ती 1975 साली सुरू झाली. नियम साधे आहेत. फोटो प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकातून काढलेला हवा. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातला चालत नाही. सूक्ष्मदर्शक कोणत्याही कंपनीचा चालतो. 2011 पासून हलत्या चित्रांसाठी वेगळी स्पर्धाही आहे. परीक्षक चार गोष्टी पाहतात : वेगळेपणा, फोटोतून मिळणारी माहिती, तंत्रावरची पकड आणि नजरेवर पडणारी छाप. यातली दुसरी गोष्ट लक्षात ठेवा. सुंदर दिसणं हा चारातला एक भाग झाला. ‘हा फोटो काय सांगतो?’ हा प्रश्न सुटत नाही.

आता 2025 चा पहिला क्रमांक बघा. कोणतं दुर्मिळ जनावर असेल? तांदळाच्या दाण्यावर बसलेला सोंडा! आपल्या डब्यात, कोठीत, पोत्यात निघतो तोच किडा. चीनच्या झांग यू यांनी तो टिपला. हा किडा जेमतेम दोन-चार मिलीमीटरचा, त्यामुळे त्याचे पंख हाताने पसरवून ठेवणं फार अवघड. त्यांना पंख पसरलेल्या अवस्थेत मेलेला सोंडा खिडकीशी सापडला. सोंड्याला पंख असतात आणि ते असे दिसतात, हे त्या एका फोटोने दाखवून दिलं. बाया रोज जे पाखडून टाकतात, तेच जगात पहिलं आलं.

पण तो ‘एक’ फोटो खरं म्हणजे एक नव्हता. शंभराहून जास्त फोटो जोडून तो केलेला होता. असं का करावं लागतं? सूक्ष्मदर्शकात भिंग जितकं जास्त मोठं करून दाखवतं, तितका स्पष्ट दिसणारा थर पातळ होतो. दहापट वस्तुभिंगाखाली एका वेळी साधारण एक शतांश मिलीमीटर जाडीचाच थर स्वच्छ दिसतो. वरचं-खालचं सगळं धूसर. म्हणून नळी किंचित-किंचित सरकवत एकेका थराचा फोटो काढतात आणि संगणकावर प्रत्येकातला स्पष्ट भाग घेऊन एक चित्र बनवतात. 2018 साली पहिल्या आलेल्या, एका सोंड्याच्या डोळ्याच्या फोटोतही असेच सव्वाशेच्या वर फोटो होते.

मग ही फसवणूक नाही का? नाही. कारण त्यात जे नव्हतं ते घातलेलं नाही, आणि कसं केलं ते उघड सांगितलेलं आहे. रंगांचंही तसंच. पेशींचे हिरवे-जांभळे झगझगीत फोटो तुम्ही पाहिले असतील. तिथे पेशीच्या एकेका भागाला चिकटणारं, ठरावीक प्रकाशात चमकणारं द्रव्य वापरतात. कॅमेरा बऱ्याचदा काळं-पांढरंच टिपतो आणि रंग मागून ठरवून देतात. हिरवा रंग म्हणजे ‘हे द्रव्य इथे आहे’ अशी खूण. खूण कशाची ते लिहिलं तर ती माहिती, नाही लिहिलं तर नुसती रांगोळी.

आता हळदीकडे येऊ. आपण हळकुंडं कुकरमध्ये शिजवतो, उन्हात वाळवतो, ड्रममध्ये पॉलिश करतो. शिजवताना हळदीतल्या स्टार्चच्या कणांची खळ होते. म्हणून शुद्ध हळद पावडर पाण्याच्या थेंबात ठेवून पाहिली, तर पिवळे, आकार मोडलेले गोळे दिसतात. त्यात कोणी कच्चं मक्याचं पीठ मिसळलं असेल, तर त्याचे सुटे, टोकदार कण वेगळे ओळखू येतात. यासाठी एक सोपी युक्ती आहे. प्रकाश एकाच दिशेने गाळणाऱ्या फिल्मचे दोन तुकडे घ्या. जुन्या कॅल्क्युलेटरच्या पडद्यातून ती निघते. एक तुकडा स्लाइडखाली ठेवा, दुसरा आयपीसवर. वरचा फिरवत गेलात की मागचं सगळं काळं होतं आणि कच्च्या स्टार्चचा प्रत्येक कण काळी फुली घेऊन चमकतो. शिजलेल्या स्टार्चमध्ये ही फुली नाहीशी झालेली असते. फोटो म्हणून दृश्य फार देखणं. स्पर्धेला पाठवावं असं.

पण मंडळी, खरी जबाबदारी इथेच येते. समजा, कोणी असा फुल्यांचा फोटो काढला आणि खाली लिहिलं, ‘अमक्याच्या हळदीत भेसळ’. आणि त्या शेतकऱ्याने हळद न शिजवता, चकत्या करून वाळवलेली असेल तर? तिच्यातला स्टार्च कच्चाच राहिला, म्हणून तीही फुल्या दाखवणारच! फोटो खरा, ओळ खोटी. आणि बाजारात नाव जायला एक ओळ पुरते. बारकाईने पाहणाऱ्याला फरक कळतो. मक्याच्या कणात फुली मधोमध असते. हळदीचा कण चपटा, लांबट असतो आणि त्यात फुली एका टोकाकडे सरकलेली असते. पण त्यासाठी दोन्हींचे माहितीतले नमुने शेजारी ठेवून पाहावे लागतात. शिवाय मेटॅनिल यलोसारखा रंग मिसळला असेल, तर तो या पद्धतीने सिद्ध होत नाही. त्याला रासायनिक तपासणीच लागते.

म्हणून आम्ही म्हणतो, की परीक्षकांची ती ‘माहिती’वाली अट नुसती स्पर्धेपुरती नाही. फोटो आणि त्याखालची ओळ मिळूनच पुरावा तयार होतो.

साधनांची अडचण वाटत असेल, तर मनू प्रकाश यांचं उदाहरण आहे. भारतात जन्मलेल्या या शास्त्रज्ञाने स्टॅनफर्डमध्ये सहकाऱ्यांसोबत कागदाच्या घडीचा ‘फोल्डस्कोप’ बनवला. 2014 साली त्याचा शोधनिबंध आला. 140 पट मोठं दाखवणाऱ्या त्या सूक्ष्मदर्शकाचे सुटे भाग एका डॉलरच्या आत बसत होते. शाळेतला साधा सूक्ष्मदर्शक आणि आयपीसला टेकवलेला मोबाइल, एवढ्यावरही सुरुवात होते. विषय तर आजूबाजूला पडलेत. अळू घशाला का खाजतं? त्यातल्या सुईसारख्या स्फटिकांमुळे. तसेच स्फटिक केळीतही असतात, आणि त्याच दोन फिल्ममधून ते लखलखतात.

फक्त फोटो काढण्याआधी वहीत पाच गोष्टी लिहा : नमुना कुठला, कधी घेतला, शिजवलेला की कच्चा, किती पट मोठा केला, आणि संगणकावर काय-काय बदललं. बक्षीस मिळो न मिळो, पण उद्या कोणी विचारलं, ‘हे कशावरून?’, तर दाखवायला वही हाताशी असेल.