कडूपणाचे माप

पाडव्याला आपण कडुनिंबाची पाने खातो, पण दोन खावीत की दहा, याचा हिशेब कोणी ठेवीत नाही. बिअर करणाऱ्याला मात्र कडूपणाचा हिशेब ठेवावाच लागतो. मोड आणलेल्या सातूचे पाणी गोडमिट्ट असते. त्याला तोल येतो तो हॉप नावाच्या वेलीच्या फुलांनी. इंग्लंडात १९६३ साली घरगुती बिअरवरील परवान्याची अट उठली आणि हा हिशेब घरोघरी शिकला जाऊ लागला. आपल्याकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्यावाचून बिअर करता येत नाही, तेव्हा आमचे हे सांगणे केवळ माहितीसाठी समजावे.

हॉपच्या मादी वेलीला शंकूसारखी, कागदी पाकळ्यांची हिरवी फुले येतात. पाकळ्यांच्या बुडाशी पिवळी, चिकट पूड असते. सारे मोल त्या पुडीचे! तीत अल्फा आम्ले असतात. पण ती सहजी पाण्यात उतरत नाहीत. उकळत राहिली म्हणजे त्यांच्या रेणूतील अणू तेच राहून मांडणी तेवढी पालटते, आणि मग ती विरघळून कडू लागतात. तासभर उकळल्यास सुमारे चतुर्थांश आम्ल हाती लागते. दहा मिनिटांत त्याचा जेमतेम तिसरा हिस्सा. सुगंधी तेलांचे उलट आहे: ती वाफेबरोबर उडून जातात. म्हणून कडूपणाचा हॉप आरंभी घालावयाचा, वासाचा अखेरीस.

आता हिशेब. लिटरमध्ये एक मिलिग्रॅम पालटलेले आम्ल म्हणजे स्थूलमानाने कडूपणाचा एक अंश. वीस लिटरांना ३० अंश हवे, तर ६०० मिलिग्रॅम लागेल. चतुर्थांशच हाती येते, म्हणून भांड्यात २.४ ग्रॅम अल्फा आम्ल पडले पाहिजे. बोहेमियातील साझ हॉपमध्ये ते शेकडा ४ धरले, तर ६० ग्रॅम हॉप लागेल. जर्मनीतील मॅग्नममध्ये ते शेकडा १२ धरले, तर २० ग्रॅमच पुरे. पाकिटावरचा आकडा न वाचता मुठीने हॉप टाकणारा फसतो, तो येथेच.

मूठ आणि माप यांवरून केंटमधील मजूर आठवतात. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत लंडनच्या ईस्ट एंडमधील गरीब कुटुंबे, विशेषतः बायका-मुले, दर सप्टेंबरात तेथे हॉप तोडावयास जात. मजुरी बुशेलच्या मापावर. फुले हलकी, फुगीर. माप घेणाऱ्याने हात दाबला की त्याच फुलांचे माप कमी भरे आणि मजुरी बुडे. १९३१ साली जॉर्ज ऑर्वेलने हे काम स्वतः केले व त्यावर लिहिले. तुकड्यावरच्या मजुरीचे तंटे आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. माप कोणाच्या हाती, हा प्रश्न सगळीकडे पहिला. पुढे यंत्रे आली आणि ही तोडणीच संपली.

निवड करताना आमच्या मते दोन्ही हॉप घ्यावेत. आरंभी मॅग्नमसारखा जोरदार, आणि शेवटच्या दहा मिनिटांना २० ग्रॅम साझ. त्या साझने कडूपणा तीनच अंश वाढतो. वास मात्र भरपूर येतो. उरलेला हॉप हवाबंद करून थंड जागी ठेवावा. उघडा राहिलेला हॉप आपले आम्ल गमावीत जातो, आणि मग पाकिटावरचा आकडाही खोटा पडतो.