हिरडीचा टांका

दांत पडले कीं कवळी, ही आपल्या घरांतील वडील मंडळींची पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट. पेर-इंग्वार ब्रोनेमार्क या स्वीडिश शास्त्रज्ञानें १९६५ सालीं एका रुग्णाच्या जबड्यांत टिटॅनियमच्या खुंट्या बसविल्या आणि दुसरा मार्ग मोकळा झाला. या खुंटीसच आज इम्प्लान्ट म्हणतात. हाडानें ती घट्ट धरावयास कांहीं महिने लागतात. त्यांतील पहिल्या नाजूक दिवसांत हिरडी मिटून ठेवतो तो केवळ एक बारीक धागा. खुंटीची किंमत सर्वच विचारतात. धाग्याची चौकशी क्वचितच कोणी करतो.

जखमा शिवण्याची विद्या आपणांस नवी नाहीं. सुश्रुतानें बारीक सूत, ताग, स्नायु व केस यांनीं शिवावें असें सांगितलें आहे. परंतु तोंड ही जागाच निराळी. तें सदैव ओलें, जंतूंनीं भरलेलें, आणि जीभ तर क्षणभरही स्वस्थ बसत नाहीं.

रेशीम हा येथील जुना मानकरी. तें मऊ असतें, त्याची गांठ पक्की बसते व टोकें टोंचत नाहींत. पण हा धागा वेणीसारखा गुंफलेला असतो. समईची वात जसें तेल ओढते, तशी ही वेणी लाळ व तिजबरोबर जंतु जखमेंत ओढते. सोवळ्यांत मान मिळविणारें रेशीम तोंडांत असें लवकर ओवळें होतें! म्हणून तें साधारणतः सात ते दहा दिवसांत काढून टाकतात.

कॅटगट या नांवांत मांजर असलें, तरी ही तांत मेंढीच्या किंवा गुरांच्या आंतड्यांपासून करतात. लिस्टरनें १८६९ सालीं ती कार्बोलिकनें निर्जंतुक करून वापरली. शरीर ती आपोआप जिरवितें; मात्र लाळेंत ती अपेक्षेपेक्षां लवकर विरण्याचें भय असतें. पॉलिग्लॅक्टिन हा कृत्रिम धागा अधिक भरंवशाचा. दोन आठवड्यांनंतरही त्याचें सुमारें पाऊण बळ शिल्लक राहतें व तो पुरता जिरण्यास ५६ ते ७० दिवस लागतात. परंतु तोही गुंफलेलाच. वातीचा दोष त्यासही थोडाबहुत लागतो.

नायलॉनचा एकपदरी धागा जंतु ओढीत नाहीं, पण ताठ असल्यामुळें त्याचीं टोकें गालास टोंचतात व गांठ सैल होऊं पाहते. पी. टी. एफ. ई. हा धागा एकपदरी असूनही मऊ असतो. १९३८ सालीं अमेरिकेंत प्लंकेट यांस सांपडलेला हा पदार्थ गृहिणींच्या परिचयाचा आहे. डोसा न चिकटणाऱ्या तव्यावर त्याचाच लेप असतो. खुंटीशेजारीं हाडाची भर घालून हिरडी दोन-तीन आठवडे मिटलेली ठेवावयाची असेल, तेव्हां अनेक शल्यवैद्य यालाच पसंती देतात. किंमत मात्र जास्त.

तेव्हां सर्वोत्तम धागा असा कोणताच नाहीं. जखम पाहून धागा निवडावयाचा. शिवाय धागा कितीही उत्तम असो, टांका फार आवळला तर हिरडीच्या कडांचें रक्त तुटतें, जखम उकलते आणि खालील हाडाची भर उघडी पडते.

घरांतील कोणावर ही शस्त्रक्रिया व्हावयाची असेल, तर दंतवैद्यास तीन गोष्टी अवश्य विचाराव्या : धागा कोणता, तो काढावयाचा कीं विरणारा, आणि दाखविण्यास केव्हां यावयाचें? पुढें टांक्यास जीभ लावूं नये, सुटलेलें टोक ओढूं नये, आणि ‘धागा विरणाराच आहे’ म्हणून तपासणीचा दिवस चुकवूं नये. धागा आपोआप विरतो. जखम नीट भरली कीं नाहीं, हें मात्र वैद्यानेंच पाहावें लागतें.