स्कूटीला साइड व्हील बसवले, पण आरसीवर नोंद केली का?

हिंगोली : औंढा नागनाथहून हिंगोली जेमतेम पंचवीसेक किलोमीटर. पण पायांत ताकद नसेल तर एसटीच्या उंच पायऱ्या चढायला सोबत कुणीतरी लागते, आणि सोबत येणाऱ्याची दिवसाची मजुरी बुडते. मागे दोन जादा चाके लावलेली स्कूटी ही अडचण दूर करते. मात्र चाके बसवली की काम संपले, असे समजू नका. कागदावरचे काम अजून बाकी असते.

गाडी कशी बदलतात?

बिनगिअरच्या स्कूटरला ॲक्सिलरेटर आणि दोन्ही ब्रेक हातातच असतात. त्यामुळे फक्त तोल सांभाळण्याचा प्रश्न उरतो. तो बाजूची दोन चाके सोडवतात. गाडी थांबल्यावर पाय टेकवावा लागत नाही. कारसाठी ऑटोमॅटिक गिअरची गाडी घेऊन स्टिअरिंगजवळ हाताचा दांडा बसवतात. अनेक किटमध्ये दांडा पुढे ढकलला की ब्रेक लागतो, मागे ओढला की वेग वाढतो.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती झाली. ‘इनव्हॅलिड कॅरेज’ हा जुना शब्द जाऊन ‘अडॅप्टेड व्हेइकल’ हा शब्द आला. स्वतःच्या गाडीत असा बदल आधी करून आरटीओची मंजुरी नंतर घेण्याची मुभाही या दुरुस्तीत आहे. बदल केल्यापासून १४ दिवसांत आरटीओला कळवून आरसीवर नोंद करून घ्यावी लागते. हिंगोलीच्या गाड्यांसाठी (एमएच-३८) हे काम हिंगोलीच्या परिवहन कार्यालयात होते. किट घेण्यापूर्वी तिथे एकदा विचारलेले बरे.

नोंद नसेल तर काय बिघडते?

अपघात झाल्यास विमा कंपनी न कळवलेल्या बदलावर बोट ठेवू शकते आणि क्लेम अडकू शकतो. उलट आरसीवर नोंद असेल, तर मोटार विमा टॅरिफनुसार गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या प्रीमियममध्ये ५० टक्के सवलतीची तरतूद आहे. विमा काढताना ती मागून घ्या.

लायसन्स मिळते का?

मिळते. कायद्यात अडॅप्टेड व्हेइकलसाठी वेगळा प्रकार आहे. आधी लर्निंग लायसन्स, मग चाचणी. चाचणी त्याच प्रकारच्या गाडीवर होते, म्हणून बदल केलेली गाडी आधी हाताशी हवी.

पैशांचे काय?

केंद्राच्या ‘एडिप’ योजनेत तीव्र दिव्यांगत्व असलेल्यांना बॅटरीवरची तीनचाकी मिळू शकते. त्यासाठी साधारणपणे ८० टक्के दिव्यांगत्व आणि किमान १६ वर्षे वय लागते. ही वाहने कानपूरची ‘अलिम्को’ ही सरकारी कंपनी बनवते. ग्रामपंचायत, नगरपरिषद आणि जिल्हा परिषदेला स्वउत्पन्नातील ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी राखून ठेवावा लागतो. आपल्या ग्रामपंचायतीत हा निधी कशावर खर्च झाला, हे ग्रामसभेत विचारता येते.

दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मधील कलम ४१ नुसार, गाडीतील अशा बदलांसाठी परवडणाऱ्या खर्चातील योजना आखणे ही सरकारची जबाबदारी आहे. त्यामुळे अर्ज करताना संकोच नको.

आधी हे करा

यूडीआयडी कार्ड काढा. किटचे बिल जपून ठेवा. आरसीवर नोंद करा, विमा कंपनीला कळवा आणि लायसन्सची चाचणी द्या. त्यानंतरच गाडी एकट्याने रस्त्यावर काढा.