तलवारीबाहेर राहिलेले ख्रिस्ती

अर्जुनाने रथात धनुष्य टाकले तेव्हा त्याची समजूत घालावयास साक्षात श्रीकृष्ण होता, आणि अठरा अध्यायांनंतर अर्जुन लढावयास उभा राहिला. परंतु जे पुन्हा उभे राहतच नाहीत, रणांगण सोडून जाणे हाच आपला धर्म असे जे मानतात, त्यांचे पुढे काय होते? नुसत्या तर्काने याचे उत्तर मिळत नाही. ते इतिहासात पाहावे लागते. ख्रिस्ती धर्मात अशी मंडळी गेली पाचशे वर्षे नांदत आली आहेत. त्यांपैकी क्वेकर आपल्याकडे थोडेफार परिचित आहेत. येथे विचार करावयाचा आहे तो मेनोनाइट पंथाचा.

१५२५ च्या जानेवारीत झ्यूरिच येथे काही तरुणांनी एकमेकांना नव्याने बाप्तिस्मा दिला. आज हे क्षुल्लक वाटेल. पण त्या काळी बाप्तिस्मा झालेले मूल जसे चर्चचे, तसेच नगराचेही प्रजाजन होई. समजत्या वयात स्वेच्छेने घेतलेला बाप्तिस्माच खरा, असे म्हणणे म्हणजे धर्म आणि राज्य यांची गाठ सोडणे होते. नगरसभेला ते अचूक कळले. फेलिक्स मान्त्स याला तिने १५२७ च्या जानेवारीत लिम्मात नदीत बुडवून मारले. पाण्याच्या अपराधाला पाण्याचीच शिक्षा!

पुढच्याच महिन्यात श्लाइटहाइम या गावी या मंडळींनी सात कलमे संमत केली. त्यांतील तलवारीचे कलम मुळातून समजून घेण्यासारखे आहे. राज्यसत्ता पापी आहे, ती मोडून टाका, असे ते म्हणत नाही. दुष्टांचे शासन आणि सज्जनांचे रक्षण करणारी तलवार ईश्वराच्याच योजनेतली आहे, हे त्याला मान्य आहे. मात्र ख्रिस्ताच्या शिष्याने ती हाती धरू नये आणि न्यायाधीशाच्या आसनावरही बसू नये. दुसऱ्या एका कलमाने शपथ घेणेही वर्ज्य केले. या कलमांचा कर्ता मिखाएल साटलर हा पूर्वाश्रमीचा मठवासी. तुर्क चालून आले तरी त्यांच्यावर शस्त्र उचलू नये असे तो सांगतो, हा त्याच्यावरील एक आरोप होता. त्याने तो नाकारला नाही, आणि मे महिन्यात त्याला जाळण्यात आले.

पुनर्बाप्तिस्मावादी म्हणवणारे सगळेच असे नव्हते, हेही सांगितले पाहिजे. म्युन्स्टर शहरात १५३४-३५ साली त्यांच्यातल्याच एका गटाने तलवारीच्या बळावर देवाचे राज्य उभारू पाहिले, आणि त्याचा शेवट रक्तपातात झाला. त्यानंतर विखुरलेल्या शांततावाद्यांना सावरले ते मेनो सायमन्स या डच धर्मगुरूने. १५३६ मध्ये त्याने कॅथलिक चर्च सोडले. पंथाला नाव त्याचेच.

आपल्याकडे हे ऐकताच गांधीजींची आठवण होते. डोंगरावरील प्रवचन दोघांनाही प्रिय. तथापि दोहोंत अंतर मोठे आहे. सत्याग्रही अन्यायाशी झुंजतो. तो राजकारण सोडत नाही, त्याला वेगळे वळण लावतो. मेनोनाइटांचा जुना जर्मन शब्द 'वेरलोजिगकाइट', म्हणजे स्वतःला निःशस्त्र आणि अरक्षित ठेवणे. १५६९ साली हॉलंडात डिर्क विलेम्स हा कैदी गोठलेल्या पाण्यावरून पळाला. मागचा शिपाई बर्फ फुटून बुडू लागला, तेव्हा डिर्कने परत फिरून त्याला बाहेर काढले. त्यामुळे तो पकडला गेला आणि जाळला गेला. ही कथा त्या पंथात आजही मुलांना सांगतात.

एवढी निष्ठा एकट्याला साधते. गावच्या गावाला ती साधते काय? रशियाच्या कॅथरिन राणीने परदेशी वसाहतकारांना आमंत्रण दिले, आणि सैन्यसेवेतून सूट मिळेल या भरवशावर १७८९ पासून मेनोनाइट शेतकरी आजच्या युक्रेनमध्ये जाऊन राहिले. जमीन सुपीक, हात कष्टाळू, संपत्ती वाढली. १८७४ साली सक्तीची भरती आली. सुमारे १८ हजार माणसे घरदार विकून अमेरिकेत आणि कॅनडात गेली. उरलेल्यांनी तडजोड केली: बंदुकीऐवजी सरकारी जंगलात झाडे लावावयाची आणि त्या छावण्यांचा खर्चही आपणच सोसावयाचा.

मग १९१७ ची क्रांती झाली. सरकारच उरले नाही. टोळ्या फिरू लागल्या, लूट आणि खून सुरू झाले. ज्या तलवारीला मान्यता देऊनही आपण शिवलो नाही, ती नाहीशी झाल्यावर काय करावे? १९१८ च्या उन्हाळ्यात लिख्तेनाउ येथील सभेत वडीलधाऱ्यांनी हा निर्णय ज्याच्या त्याच्या विवेकावर सोडला. तरुणांनी संरक्षक दले उभारली. त्यांना शस्त्रे व शिक्षण मिळाले ते तेथे तळ देऊन असलेल्या जर्मन सैन्याकडून. अर्थात शेजारच्या युक्रेनियन शेतकऱ्याच्या नजरेत मेनोनाइट आता नुसता सधन राहिला नाही, शत्रूचा साथीदार झाला. १९१९ च्या शरदात आयखेनफेल्ड आणि आसपासच्या वस्त्यांत मखनोच्या बंडखोरांनी मोठे हत्याकांड केले. शस्त्र धरल्यामुळे हे घडले की आधीच्या श्रीमंतीमुळे, यावर त्यांच्यात दीर्घ काळ वाद चालला. मला वाटते, खरी मेख श्रीमंतीत होती. राजाच्या कृपेने मिळालेली सूट आणि राजाच्या कृपेने मिळालेली जमीन एकत्र उपभोगताना आपण राजकारणाबाहेर आहोत हा समज फारसा खरा नव्हता.

या आपत्तीतच १९२० साली अमेरिकेतील मेनोनाइटांनी मध्यवर्ती मदत समिती स्थापन केली. दुष्काळग्रस्त वसाहतींत तिने अन्नछत्रे उघडली आणि घोडे मेलेल्या शेतांवर नांगरटीसाठी ५० ट्रॅक्टर धाडले.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने अशा लोकांसाठी नागरी सेवेची योजना केली. १९४१ ते १९४७ या काळात सुमारे १२ हजार तरुण तीत होते, आणि मेनोनाइट त्यांत सर्वांत अधिक. पगार नव्हता, खाण्यापिण्याचा भार बहुतांशी मंडळ्यांनी उचलला. कोणी वणवे विझवले, कोणी मनोरुग्णालयांत परिचारकाचे काम केले. तेथे उघड्यावाघड्या, कोंडून ठेवलेल्या रुग्णांची दैना या तरुणांनी टिपून ठेवली. ती वृत्तपत्रांत आणि 'लाइफ' साप्ताहिकात १९४६ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा अमेरिकेत खळबळ उडाली. मात्र भरतीस बोलावलेल्या मेनोनाइट तरुणांपैकी निम्म्याहून कमी तरुणांनी ही वाट धरली; बाकीच्यांनी या ना त्या रूपात गणवेश चढवला. युद्धानंतर हे दोन्ही भाऊ एकाच घरी, एकाच प्रार्थनामंदिरात परतले. काही मंडळ्यांनी सैनिकांकडून पश्चात्तापाची कबुली मागितली, काहींनी काहीच विचारले नाही.